तोंड उघडं ठेवून झोपणारा मुलगा आणि जिभेचे व्यायाम

प्रश्न नाशिकच्या एका आईचा आहे. मुलगा नऊ वर्षांचा. रात्री तोंड उघडं ठेवून झोपतो, घोरतो, सकाळी उशी लाळेने ओली असते. ‘स’ म्हणताना जीभ दातांमधून बाहेर डोकावते. घास गिळताना ओठ आवळतो. दातांच्या डॉक्टरांनी तारा लावण्याआधी ‘मायोफंक्शनल थेरपी’ (जीभ, ओठ आणि चेहऱ्याच्या स्नायूंना वळण लावणारे व्यायाम) करून घ्या असं सुचवलं आहे. जिभेच्या व्यायामाने श्वास, बोलणं आणि गिळणं या तिन्ही गोष्टी कशा सुधारतील, असं त्यांनी विचारलं आहे. शिवाय त्याचे बाबाही घोरतात, त्यांना याचा उपयोग होईल का?

ताई, मी वाचा-भाषा तज्ज्ञ म्हणून बावीस वर्षं काम करते आहे. तुम्ही मुलाच्या पाच तक्रारी लिहिल्या आहेत, पण मला त्यांच्या मुळाशी एकच गोष्ट दिसते: जीभ दिवसरात्र खाली पडलेली असणार. प्रत्यक्ष बघितल्याशिवाय नक्की सांगता येणार नाही, पण या पाच गोष्टी एकत्र आल्या की मी आधी तेच तपासते.

हे वाचताना तोंड मिटा आणि ‘न’ म्हणायची तयारी करा, पण म्हणू नका. जिभेचं टोक वरच्या दातांच्या थोडं मागे, हिरडीच्या उंचवट्यावर टेकलं असेल. तिथेच जीभ ठेवा आणि तिचा बाकीचा भागही हलकेच टाळूला लावा. ओठ मिटलेले, दात एकमेकांपासून अगदी किंचित सुटे, श्वास नाकाने. विसाव्याला जिभेची जागा ही असते. मुलांना मी याला ‘जिभेचं घर’ म्हणते. बोलून झालं, जेवून झालं की जिभेने घरी परत यायचं. मायोफंक्शनल थेरपीचं सगळं काम शेवटी इथवर येऊन पोचतं. व्यायाम हे तिथे पोचण्याचं साधन आहे. रोज शंभर वेळा व्यायाम करून बाकीचा दिवसभर जीभ खाली लोळत असेल तर उपयोग होत नाही.

विसाव्याच्या जागेला एवढं महत्त्व का, ते सांगते. वरच्या जबड्याला बाहेरून गाल आणि ओठ दाबत असतात आणि आतून जीभ तोलून धरत असते. या दोन दाबांमध्ये दातांची कमान आकार घेते. बॉस्टनचे ऑर्थोडॉन्टिस्ट (तारा लावून दात सरळ करणारे दंतवैद्य) अल्फ्रेड रॉजर्स यांनी १९१८ साली चेहऱ्याच्या स्नायूंच्या व्यायामांवर लिहिलं, तेव्हापासून हा विचार दंतवैद्यकात आहे. पुढे बरीच वर्षं सगळा दोष चुकीच्या गिळण्यावर टाकला गेला. जीभ दातांवर आपटते म्हणून दात पुढे येतात, असं मानलं जाई. १९७८ मध्ये अमेरिकन ऑर्थोडॉन्टिस्ट विल्यम प्रॉफिट यांनी दाखवून दिलं की दात हलवायला दाबाच्या जोरापेक्षा त्याचा कालावधी महत्त्वाचा असतो. हिशेब सोपा आहे. गिळताना जिभेचा दाब सेकंदभर टिकतो. दिवसभरात हजार आवंढे गिळले तरी सगळा वेळ मिळून पंधरा-वीस मिनिटंच होतात. दात सरकायला हलका का होईना, पण तासन् तास टिकणारा दाब लागतो. तेवढा वेळ जीभ फक्त विसाव्यालाच एका जागी असते.

आता श्वासाकडे येते. टाळू म्हणजे तोंडाचं छप्पर, आणि तेच नाकाची जमीन. खालच्या खोलीचं छत म्हणजे वरच्या खोलीची फरशी असते ना, तसंच. जीभ वर टेकलेली असेल तर टाळू रुंद होतो आणि नाकातली वाटही ऐसपैस राहते. तोंडाने श्वास घ्यायचा तर जीभ खाली घ्यावीच लागते, नाहीतर हवा जायची कुठून? जीभ खाली गेली की आतला आधार संपतो, गाल दाबत राहतात, टाळू अरुंद आणि उंच होत जातो, दातांना जागा पुरत नाही. नाक आणखी अरुंद होतं आणि मूल तोंडाने श्वास घेत राहतं. एकदा हे चक्र सुरू झालं की ते आपोआप थांबत नाही. नाकाने घेतलेली हवा गरम होते, ओलसर होते, गाळली जाते. नाकाभोवतीच्या पोकळ्यांत नायट्रिक ऑक्साइड हा वायू तयार होतो, तो त्या हवेबरोबर फुफ्फुसात जातो आणि तिथल्या रक्तवाहिन्यांचं काम सुधारतो. तोंडाने घेतलेल्या श्वासाला यातलं जवळजवळ काहीच मिळत नाही.

म्हणून तुमच्या मुलाच्या बाबतीत माझा पहिला प्रश्न जिभेबद्दल नसेल. त्याच्या नाकातून हवा जाते का, हे मी आधी विचारेन.

हे मी एका चुकीतून शिकले. नवीन होते तेव्हा सात वर्षांची एक मुलगी आली. ओठ कायम उघडे, वरचे दात पुढे. मी तिला ओठ मिटायचे आणि जीभ वर ठेवायचे व्यायाम दिले. दोन महिने झाले तरी प्रगती नाही. ओठ मिटून अर्ध्या मिनिटात तिचे डोळे पाण्याने भरायचे, आणि मग ती तोंड उघडून हाऽऽ करून श्वास घ्यायची. आई म्हणायची, “आळशी आहे, लक्ष देत नाही.” मीही तिला “अजून थोडं, अजून थोडं” म्हणत राहिले. शेवटी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. मानेचा बाजूने काढलेला एक्स-रे आला तेव्हा दिसलं, नाकामागच्या अ‍ॅडेनॉइडच्या गाठीने वाट जवळजवळ बंद केलेली. दोन महिने मी त्या लेकराला श्वास कोंडून बसायला लावलं होतं. आजही कुणी मूल ओठ मिटल्यावर अस्वस्थ झालं की मला ती मुलगी आठवते, आणि मी व्यायाम तिथेच थांबवते.

तिची पुढची गोष्टही सांगायला हवी. ऑपरेशन झालं, नाक मोकळं झालं, घोरणं बरंच कमी झालं, पण तोंड उघडंच राहिलं. वाट मोकळी होती, पण स्नायूंना सवय जुनीच होती. मग तेच व्यायाम पुन्हा सुरू केले आणि काही आठवड्यांत फरक दिसायला लागला. म्हणून मी पालकांना दोन्ही गोष्टी सांगते. नाक बंद असताना जिभेचे व्यायाम करू नका, आणि नाक मोकळं झालं म्हणजे काम संपलं असंही समजू नका.

घरी एक साधी चाचणी करा. मुलाला सर्दी नसेल अशा दिवशी पाण्याचा एक छोटा घोट तोंडात धरायला सांगा, ओठ मिटून, न गिळता, दोन मिनिटं. आरामात जमलं तर नाक चालतं आहे. धडपड झाली, तोंड उघडलं, तर जबरदस्ती करू नका. आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. अ‍ॅडेनॉइड, टॉन्सिल, अ‍ॅलर्जी, नाकाचा वाकडा पडदा, यातलं काय आहे ते तेच ठरवतील. अ‍ॅलर्जीसाठी नाकातला स्प्रे दिला तर तो सांगितला तितके दिवस नियमित वापरा. दोन दिवस मारून ‘फरक नाही’ म्हणून सोडलेले स्प्रे मी फार पाहिले आहेत. जलनेतीने किंवा मिठाच्या पाण्याने नाक धुणं चांगलं, पण पाणी उकळून गार केलेलंच घ्या. नळाचं पाणी थेट नाकात घालू नका. आणि झोपताना तोंडावर चिकटपट्टी लावायचे व्हिडिओ फिरत असतात, ते मुलांवर मुळीच करू नका. नाक बंद असलेल्या मुलाचं तोंडही चिकटवणं धोक्याचं आहे.

घोरण्याबद्दल थोडं गंभीरपणे सांगते. सर्दीत चार दिवस घोरणं वेगळं. आठवड्यातून तीन-चार रात्री किंवा त्याहून जास्त घोरत असेल, मधेच श्वास थांबून मग खर्रकन आवाज होत असेल, झोपेत मान मागे टाकत असेल, घाम येत असेल, मोठ्या वयातही अंथरूण ओलं होत असेल, शाळेत पेंगत किंवा उलट फारच चुळबुळ करत असेल, तर झोपेची तपासणी लागते. मुलांमध्ये झोपेत तासाला श्वासाचा एखादा अडथळासुद्धा डॉक्टर दुर्लक्षून सोडत नाहीत. मोठ्यांमध्ये पाचपर्यंत चालतं. ‘गाढ झोपलाय, म्हणून घोरतोय’ असं आपल्याकडे कौतुकाने म्हणतात. मूल घोरत असेल तर त्याला गाढ झोप मिळत नसण्याची शक्यताच जास्त.

गिळण्याचं बघू. बाळ दूध पिताना जीभ पुढेमागे हलवतं, त्याला तेच हवं असतं. दात आले, चावणं सुरू झालं की हळूहळू गिळण्याची रीत बदलते, आणि साधारण पाच-सहा वर्षांपर्यंत मोठ्यांसारखी होते. जिभेचं टोक घरी टेकतं, कडा टाळूच्या दोन्ही बाजूंना चिकटतात, मग लाटेसारखी जीभ पुढून मागे दाबत जाते आणि घास घशात उतरतो. ओठांना आणि हनुवटीला काहीच काम करावं लागत नाही. ज्या मुलाची ही रीत बदललीच नाही, तो घास पुढे सांडू नये म्हणून ओठ आवळतो. हनुवटीवर संत्र्याच्या सालीसारखे खळगे पडतात. तुम्ही जे ‘ओठ आवळतो’ लिहिलंय ते हेच असावं.

माझ्याकडे आलेल्या मुलाला मी अर्धं पारले-जी देते आणि काही न बोलता बघत बसते. किती वेळा चावतो, बिस्कीट एकाच बाजूला ठेवतो का, जीभ घास घ्यायला बाहेर येते का, प्रत्येक घासाला पाणी मागतो का, गिळून झाल्यावर जिभेवर चुरा किती उरतो. त्यानंतर पाण्याचा घोट देऊन खालचा ओठ अंगठ्याने अलगद खाली धरते. जिभेवर भरवसा ठेवणारं मूल पाणी निवांत गिळतं. ओठांवर भरवसा ठेवणाऱ्या मुलाच्या हनुवटीवरून पाण्याची धार येते. आईला हे एकदा आरशात दाखवलं की मला फारसं समजावून सांगावं लागत नाही.

व्यायाम सोपे असतात, पण ते ज्याच्या त्याच्यासाठी ठरवावे लागतात. सुरुवातीला जीभ पूर्ण टाळूला चिकटवून सोडायची, घोड्याच्या टापेसारखा ‘टॉक’ आवाज आला पाहिजे. आवाज ओला, पचका आला तर जीभ नीट चिकटली नव्हती. मग चिकटवून तशीच धरायची आणि तोंड उघडझाप करायचं, म्हणजे जबडा हलला तरी जीभ जागा सोडत नाही हे स्नायूंना कळतं. मग ऑर्थोडॉन्टिस्ट वापरतात ती छोटी रबरी रिंग जिभेच्या टोकावर ठेवून ती घरच्या जागी दाबून धरायची आणि आवंढा गिळायचा. रिंग पुढे सरकली तर गिळणं चुकलं. हे मी रिंग न गिळणाऱ्या, समजूतदार वयाच्या मुलांनाच देते, आणि मोठं माणूस समोर असतानाच. सगळं मिळून दिवसातून दोन वेळा पाच-सात मिनिटं. सुरुवातीचे दोन-तीन महिने दर आठवड्याला भेट, मग अंतर वाढवत वर्षभर लक्ष ठेवायचं. सर्वांत अवघड भाग शेवटी येतो: टीव्ही बघताना, गृहपाठ करताना, झोपेत जीभ घरी राहते का? त्यासाठी आम्ही फळ्यावर, फ्रिजवर, पेन्सिलच्या डब्यावर लाल टिकली लावतो. टिकली दिसली की मूल स्वतःच जीभ तपासतं. कुणी ओरडायचं नाही. “तोंड मिट” हे वाक्य ऐकून ऐकून ही मुलं आधीच कंटाळलेली असतात.

जेवणही याच कामाला येतं. नऊ वर्षांचा मुलगा गुरगुट्या भात आणि दुधात बुडवलेली पोळी यावर वाढत असेल तर जबड्याला आणि जिभेला काम कुठून मिळणार? भाकरी, काकडी, गाजर, उकडलेलं कणीस, चिक्की द्या. दोन्ही बाजूंनी चावू द्या, घास संपेपर्यंत पाणी नको. घरात चार वर्षांखालचं भावंडं असेल तर त्याला अख्खे शेंगदाणे आणि कडक तुकडे देऊ नका, ते श्वासनलिकेत अडकतात.

एक फरक लक्षात ठेवा. पाणी पिताना ठसका लागणं, जेवताना आवाज घोगरा-ओलसर होणं, अर्धांगवायूनंतर गिळता न येणं हे प्रकार पूर्णपणे निराळे आहेत. तिथे घास श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो आणि तपासणी रुग्णालयातच व्हायला हवी. व्हिडिओ बघून जिभेचे व्यायाम करत तिथे वेळ घालवू नये.

बोलण्याबद्दल लोकांचा सगळ्यात जास्त गैरसमज असतो. आपली वर्णमाला बघा, कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य. घशापासून ओठांपर्यंत जिभेचा नकाशाच आहे तो, आणि मी तपासणी त्याच क्रमाने करते. मराठीत जिभेला कसरत भरपूर. ‘ट’ आणि ‘त’ वेगळे, ‘ण’ आणि ‘न’ वेगळे, ‘चाक’मधला च आणि ‘चार’मधला च वेगळा, शिवाय ‘ळ’साठी टोक मागे वळवून टाळूला आपटून सोडायचं. ‘स’साठी जिभेच्या मध्यावर बारीक पन्हळ करून हवा त्यातून सोडावी लागते. जीभ खाली-पुढे पडण्याची सवय असली की ती पन्हळ दातांच्या फटीतून बाहेर येते आणि ‘साखर’चं ‘थाखर’सारखं काहीतरी होतं. थेरपीने जिभेला पाया मिळतो, कडा स्थिर होतात, टोक सुटं होतं. पण पाया तयार झाल्यावर ‘स’ हा ‘स’ म्हणूनच शिकवावा लागतो: आधी एकटा आवाज, मग ‘सा-सी-सू’, मग ‘सासू’, ‘ससा’, मग वाक्य, मग भांडताना आणि गोष्ट सांगतानाही. फुगे फुगवून, शिट्ट्या वाजवून उच्चार सुधारतात याला चांगला पुरावा नाही, आणि त्यावर महिने घालवलेली मुलं मी पाहिली आहेत.

बोली आणि दोष यांत गल्लत करू नका. वऱ्हाडात ‘डोळा’चा ‘डोया’ होतो, कोकणपट्टीच्या काही बोलींत ‘ळ’चा ‘ल’ आणि ‘ण’चा ‘न’ होतो. आजीआजोबा, शेजारीपाजारी सगळे तसंच बोलत असतील तर मुलाची जीभ उत्तम चालली आहे. त्याला माझ्याकडे आणायचं कारण नाही.

‘जीभ जड आहे, खालची शीर कापून टाकू’ हा सल्लाही तुम्हाला मिळाला असेल. जिभेखालचा पडदा आखूड असेल तर जीभ घरी पोचत नाही, हे खरं. ब्राझीलमध्ये २०१४ पासून नवजात बाळांची ही तपासणी कायद्यानेच सक्तीची आहे. पण आखूड पडदा असूनही स्वच्छ बोलणारी, नीट जेवणारी मुलं भरपूर असतात. मी बघते ते एवढंच: तोंड मोठं उघडून जिभेचं टोक वरच्या दातांमागे पोचतं का, आणि पूर्ण जीभ टाळूला चिकटते का. पोचत असेल तर मी कापू देत नाही. नसेल पोचत, तर शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर दोन्ही वेळा व्यायाम हवेत, नाहीतर जखम भरताना पडदा पुन्हा आवळतो आणि जिभेला नवी जागा वापरायची कशी तेही कळत नाही.

तारांबद्दल तुमच्या दंतवैद्यांनी योग्य सुचवलं आहे. दात सरळ केले आणि जीभ खालीच राहिली तर तारा काढल्यावर दात पुन्हा सरकतात, विशेषतः पुढचे वरचे-खालचे दात मिटत नाहीत तेव्हा. पण टाळू फारच अरुंद असेल तर जिभेला वर मावायलाच जागा नसते. मग आधी टाळू रुंद करणारं उपकरण लागतं. नऊ हे वय त्यासाठी चांगलं आहे, कारण वरच्या जबड्याची मधली शिवण अजून पक्की झालेली नसते. कोणतं आधी, ते ऑर्थोडॉन्टिस्ट आणि थेरपिस्टने एकमेकांशी बोलून ठरवावं. ते बोलत नसतील तर तुम्ही त्यांना बोलायला लावा. भारतात मायोफंक्शनल थेरपीची वेगळी सरकारी नोंदणी नाही. म्हणून भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी असलेले वाचा-भाषा तज्ज्ञ किंवा नोंदणीकृत दंतवैद्य, आणि त्यांनी हे प्रशिक्षण वेगळं घेतलंय का, एवढं जरूर विचारा. पहिल्याच भेटीत नाक न तपासता महागडं सिलिकॉनचं उपकरण विकणाऱ्यापासून लांब राहा.

आता बाबांचं. झोपेत जिभेचा सर्वांत मोठा स्नायू सैलावतो, जीभ मागे कोसळते आणि घशाची वाट अडते. २००९ मध्ये साओ पावलोच्या संशोधकांनी मध्यम तीव्रतेचा स्लीप अ‍ॅप्निया (झोपेत श्वास पुन्हापुन्हा अडण्याचा आजार) असलेल्या ३१ जणांवर अभ्यास केला. ज्यांनी तीन महिने रोज जीभ-घशाचे व्यायाम केले त्यांचे तासाला होणारे अडथळे सरासरी २२ वरून १४ च्या आसपास आले. २०१५ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून स्टॅनफर्डच्या गटाला मोठ्यांमध्ये सुमारे ५० टक्के आणि मुलांमध्ये ६२ टक्के घट दिसली. स्वित्झर्लंडमध्ये २००६ साली २५ जणांना चार महिने डिजेरिडू हे ऑस्ट्रेलियन वाद्य वाजवायला लावून, आणि २०२५ मध्ये जयपूरला ३० जणांपैकी काहींना सहा महिने शंख फुंकायला लावून केलेल्या अभ्यासांतही फायदा दिसला. पण हे सगळे अभ्यास लहान आहेत, आणि वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०२० च्या परीक्षणानेही पुरावा अजून मर्यादित असल्याचंच म्हटलं. २२ चे १४ झाले तरी १४ म्हणजे आजार संपला असं नाही.

तेव्हा बाबांनी आधी झोपेची तपासणी करून घ्यावी, रक्तदाब बघावा, पोट सुटलं असेल तर वजन कमी करावं. सीपॅप मशीन (मास्कमधून हवेचा दाब देऊन झोपेत घशाची वाट उघडी ठेवणारं यंत्र) सांगितलं तर ते वापरावं आणि व्यायाम त्याच्या जोडीला करावेत. व्यायामाने बरं वाटतंय म्हणून मशीन स्वतःहून बंद करू नये. पुन्हा तपासणी करून डॉक्टरांनीच ते ठरवावं. मुलगा आणि बाबा एकत्र आरशासमोर उभे राहिले तर दोघांचेही व्यायाम जास्त टिकतात, हा माझा अनुभव आहे.

डॉक्टरांकडे जाताना मुलाच्या झोपेचा दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ काढून न्या, पहाटेच्या वेळचा. चेहरा, उघडं तोंड आणि छाती तिन्ही दिसतील असा, अंगावरचं पांघरूण थोडं खाली घेऊन. आवाज चालू ठेवा. पाच मिनिटांच्या तपासणीत मूल शहाण्यासारखं तोंड मिटून बसतं, आणि मग रात्री काय होतं ते डॉक्टरांना दिसतच नाही.